रोग, रान आणि आठवडी बाजार

साथरोग अधिनियम, १८९७ च्या पहिल्याच कलमात एक अपवाद छापलेला होता. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी जो मुलूख ‘ब’ वर्गाच्या राज्यांत मोडत होता तो सोडून हा कायदा साऱ्या भारताला लागू, असे ते कलम म्हणत असे. हैदराबाद हे ‘ब’ वर्गाचे राज्य. म्हणजे नांदेड आणि लातूर हा मुलूख केंद्राच्या या कायद्याच्या शब्दांनुसार साथीच्या नकाशाबाहेरच. राज्य सरकारांनी काढलेले हुकूम वेगळे. संसदेच्या पुस्तकातले हे शब्द मात्र तसेच राहिले, आणि एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदी सुरू असताना, वटहुकूम निघाला तेव्हा कोठे ते गळाले. कायद्याची छत्री मराठवाड्यावर उशिरा उघडते याचे आम्हाला नवल नाही. कायद्याची काठी मात्र कधी उशिरा आलेली नाही, आणि या लेखाचा विषय ती काठी आहे.

निमित्त असे की, कोविडनंतर जगभर एक नवा कायदा मागितला जात आहे. रानातल्या प्राण्यांचा व्यापार आणि जिवंत जनावरांचे बाजार यांतून माणसांत रोग येतो, तेव्हा हा व्यापार कायद्याने आवरा, अशी ती मागणी. चीनने २४ फेब्रुवारी २०२० रोजी जमिनीवरचे रानटी प्राणी खाण्यावर बंदी घातली आणि पुढे २०२२ मध्ये आपला वन्यजीव कायदा बदलला. एप्रिल २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आणखी दोन आंतरराष्ट्रीय संस्थांसह सांगितले की, रानात पकडलेले जिवंत सस्तन प्राणी खाण्यासाठी बाजारात विकणे देशांनी थांबवावे. अमेरिकेच्या काँग्रेसमध्येही अशा आशयाचे विधेयक मांडले गेले. कोविडचा विषाणू वूहानच्या बाजारातून आला की आणखी कोठून, हा वाद मिटलेला नाही. परंतु त्याआधीच्या २००३ च्या सार्स साथीत ग्वांगडाँगच्या बाजारातील उदमांजरांत जवळजवळ तोच विषाणू सापडला होता, आणि त्या साथीत जगात ७७४ माणसे मेली. धोका खरा आहे. तो नाकारणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसणार नाही. ज्यांनी शतकानुशतके रोगट जनावर हाताळले त्यांच्या वंशजांनी तर मुळीच बसू नये.

प्रश्न पुढचा आहे. कायदा रोगाचा माग काढत निघतो तेव्हा तो कोणाच्या दारात येऊन थांबतो? ‘ओला बाजार’ हा शब्द वर्तमानपत्रांतून आपल्याकडे आला तेव्हा मध्यमवर्गीय वाचकाच्या डोळ्यांपुढे वूहान उभे राहिले नाही. त्याच्याच गावातली खाटीक गल्ली उभी राहिली. रोगाविषयीची शास्त्रीय भीती आणि विटाळाविषयीची जुनी भीती या दोहोंची सरमिसळ व्हायला येथे फारसा वेळ लागत नाही. शाळेच्या इतिहासात प्लेग म्हणजे रँडचा खून. पुण्याच्या वाड्यांत सोजीर शिरले, सोवळे मोडले, याची आठवण अभ्यासक्रमात आहे. मुंढव्याच्या महारवाड्यातले प्लेगचे पोर उचलून यशवंतरावांच्या दवाखान्यात नेणाऱ्या सावित्रीबाई १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने गेल्या, ही आठवण आम्हाला आमची आम्ही जपावी लागली.

१८९७ चा कायदा अवघ्या चार कलमांचा. सरकारला वाटेल ते नियम करता येतील, रेल्वे-जहाजाचा प्रवासी तपासता येईल, नियम मोडणाऱ्याला शिक्षा होईल, आणि सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही. रोग्याला काय मिळेल याचे कलम नाही. जनावर, बाजार, कातडे, मांस यांचा उल्लेख नाही. दोनच वर्षांनी, १८९९ मध्ये, घोड्यांच्या ग्लँडर्स रोगासाठी स्वतंत्र कायदा झाला. घोडदळावर चालणाऱ्या राज्याला घोड्याची किंमत चांगली कळत होती.

याच्याही मागे १८७१ हे साल आहे. त्या वर्षी दोन कागद तयार झाले. एक, गुरांच्या साथींची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल. दुसरा, गुन्हेगार जमातींचा कायदा. वरवर पाहता दोघांचा संबंध नाही. पण गुरे का मरतात, या प्रश्नाला त्या काळी उत्तर हिंदुस्थानात एक तयार उत्तर होते: कातड्यासाठी चांभार गुरांना विष घालतात. बुळकांड्याने गोठेच्या गोठे रिकामे होत होते आणि संशय मेलेले जनावर सोलणाऱ्यावर होता. ज्याच्या हातात प्रेत, तोच मारेकरी. साथीचे कारण कळत नसले की ते जातीत शोधायचे, ही रीत कोविडच्या पहिल्या महिन्यांतही आपण पाहिली; तेव्हा धर्म होता, एवढाच फरक.

आता मेलेल्या जनावराकडे वळू. गावात ढोर मेले की ते ओढून नेणे हे महाराचे काम. ते काम म्हणजे वतन, आणि मोबदला म्हणजे त्याच ढोराचे मांस आणि कातडे. गुराला काळपुळी झाली होती काय, हे पाहणारा डॉक्टर गावात नव्हता, आणि नाही म्हणण्याचा हक्कही महाराला नव्हता. काळपुळीचे जंतू जनावर मेल्यावर मरत नाहीत. ते मातीत वर्षानुवर्षे राहतात, कातडे सोलणाऱ्याच्या हातावरच्या ओरखड्यातून शरीरात शिरतात. जनावरातून माणसात रोग जाण्याची याहून सरळ वाट कोणती? ती वाट गावाने स्वतः आखून दिली होती, आणि तिच्यावर एकाच जातीने चालावे असा नियम केला होता. साथीचा कायदा रेल्वेच्या डब्यात शिरला, माजघरात शिरला. या वाटेवर मात्र त्याची दृष्टी गेली नाही. कारण ही वाट रोगाच्या वहीत नव्हती, रूढीच्या वहीत होती.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्यामुळे ती सर्वांना माहीत आहे. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले. आमचे काही समाजशास्त्रज्ञ याची नोंद ‘संस्कृतीकरण’ या सदराखाली करतात. म्हणजे खालच्यांनी वरच्यांची नक्कल केली. मला हे वाचन दरिद्री वाटते. बाबासाहेबांचा मुद्दा स्वाभिमानाचा होता, आरोग्यशास्त्राचा नव्हता, हे कबूल. पण परिणाम पाहा. एका समाजाने सरकार, पोलीस, दंड यांपैकी काहीही हाताशी नसताना रोगट जनावराशी असलेला आपला संबंध तोडला. या देशात रोगाची वाट बंद करणारा असा दुसरा कायदा लोकांनी स्वतःच स्वतःवर घालून घेतलेला मला ठाऊक नाही. त्याची किंमतही त्यांनीच मोजली. मांस गेले, कातड्याचे पैसे गेले, आणि ढोर ओढायला नकार दिला म्हणून ठिकठिकाणी बहिष्कार आले. ‘केसरी’तून कोणी या धंद्यातल्या नफ्याचा हिशेब मांडला होता; १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी त्याचा समाचार घेतला. नफा एवढा आहे तर तुम्ही करा, वर पैसे मी देतो, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता. कोणी पुढे आले नाही.

हा प्रसंग मी लांबवला, कारण यापुढची तुलना त्यावर उभी आहे. महाडला धोका सोडण्याचा निर्णय धोका पत्करणाऱ्यांनीच घेतला. पारध्यांच्या बाबतीत तो दुसऱ्या कोणी घेतला.

नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यात माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्ष वद्यात भरते. घोडे, गाढवे, गुरे यांचा तो मोठा बाजार, आणि भटक्यांचे तर ते वार्षिक न्यायालय. वैदू, घिसाडी, गोसावी, मसणजोगी यांच्या जातपंचायती तेथे बसत आल्या. ज्यांना गावात घर नव्हते त्यांचे गाव वर्षातून काही दिवस माळेगावला वसे. या भागात रानातला जीव बाजारात आणणारा हात असाच फिरता होता. फासेपारध्याने घोड्याच्या केसांचे फास लावून तितर-लावे धरावेत, डालग्यात घालून आठवडी बाजारात आणावेत, शेर-दोन शेर जोंधळे घेऊन जावे. ससा, घोरपड ही त्याच मेळातली. कुणब्याला ते हवे असे, पाटलाच्या पाहुण्याला हवे असे, ठाण्याच्या जमादाराला तर फुकट हवे असे. गिऱ्हाईक गावात मानाने राही आणि विक्रेता गावाबाहेर पालात. इंग्रजांचा गुन्हेगार जमातींचा कायदा होता तसा निजामाच्या राज्यातही होता. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर हे शिक्के कागदावरून पुसले गेले आणि सराईत गुन्हेगारांच्या कायद्याने ते पुन्हा गोंदले. मुंबई राज्याचा तो कायदा १९५९ चा. लातूरजवळच्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ साली आले, तेव्हा हा शिक्का अंगावर घेऊन जगणे कसे असते हे शहरी वाचकाला कळले; पारधी तांड्याला ते वाचून कळण्याची गरज नव्हती.

या माणसावर १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. कायदा आवश्यक होता. वाघ, माळढोक, काळवीट संपत आले होते, आणि ते संपवण्यात फासापेक्षा बंदुकीचा वाटा कितीतरी मोठा होता. पण मूळ कायद्याची रचना पाहण्यासारखी आहे. त्यात शिकारीचे परवाने होते: विशेष शिकार, मोठी शिकार, छोटी शिकार, आणि रानटी प्राणी धरण्याचा परवाना. अर्ज लिहिता येईल, फी भरता येईल, साहेबासमोर उभे राहता येईल, त्याला रान खुले. चौथा परवाना कागदोपत्री पारध्यालाही मिळू शकत होता. शिक्का बसलेल्या जमातीचा, ठावठिकाणा नसलेला माणूस वनखात्याच्या कचेरीत हा अर्ज घेऊन गेला असता तर काय झाले असते, याची कल्पना वाचकांनी करावी. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यांची ही सोय काढून टाकली आणि बंदी सर्वांना सारखी झाली. म्हणजे एकोणीस वर्षे कायद्याने हौस पोसली. भूक मात्र पहिल्या दिवसापासून गुन्हा ठरली.

याच कायद्याच्या ६५ व्या कलमात निकोबार बेटांतील अनुसूचित जमातींचे शिकारीचे हक्क राखले आहेत. मुख्य भूमीवरच्या एकाही जमातीला ती सवलत नाही. २००६ चा वनहक्क कायदा पारंपरिक हक्क मान्य करतो, पण शिकार आणि फास यांना स्पष्ट शब्दांत वगळून. महाराष्ट्रात पारधी अनुसूचित जमातीत आहेत. त्यांचा मुख्य पारंपरिक व्यवसाय मात्र हक्कांच्या यादीत बसत नाही. मी तो व्यवसाय परत मागत नाही. शिकून वर आलेल्या कोणत्याही पारधी तरुणाला पुन्हा फास हाती घ्यायचा नाही. मी विचारतो ते एवढेच की, सरकारने धंदा बंद केला तेव्हा बदल्यात काय दिले? दारूचे दुकान बंद करताना मक्तेदाराचा विचार होतो, जमीनदारी काढताना जमीनदाराला मोबदला मिळाला. वतने गेली तेव्हाही हिशेब झाले. फास गेला तेव्हा पारध्याला मिळाला तो पंचनामा.

आणि रोगाचे काय? १९७२ च्या कायद्यात रोग आहे, पण तो उलट्या दिशेने चालतो. १९९१ मध्ये घातलेले ३३-अ कलम सांगते की, अभयारण्यात आणि त्याच्या पाच किलोमीटरच्या आत असणाऱ्या पाळीव जनावरांना संसर्गजन्य रोगांच्या लसी टोचाव्यात. हेतू रास्त आहे: गावच्या गुराचा रोग रानातल्या गव्याला होऊ नये. पण रानातून माणसात येणाऱ्या रोगाविषयी, ते प्राणी हाताळणाऱ्या माणसाविषयी कायदा मुका आहे. म्हणून आज जेव्हा कोणी म्हणते की भारतात वन्यजीवांच्या व्यापारावर कडक बंदी आहे, साथीच्या दृष्टीने आपण सुरक्षित आहोत, तेव्हा जपून ऐकावे. बंदीने व्यापार उजेडातून अंधारात गेला. आठवडी बाजारातले डालगे पशुवैद्य पाहू शकत होता. रात्री पोत्यातून जाणारे मांडूळ किंवा खवल्या मांजर कोणी तपासत नाही. मांडुळाच्या व्यापारात लाखांच्या गोष्टी होतात, त्या शहरातल्या श्रद्धाळू आणि लोभी गिऱ्हाइकाच्या जिवावर. रानात सापळा लावणाऱ्याच्या हाती त्यातले काय लागते ते सांगायला नको.

आता गेल्या वीस वर्षांच्या साथींकडे पाहू, कारण कायदा जेथे पाहत होता तेथून त्या आल्याच नाहीत. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला बर्ड फ्लू सापडला, देशातला पहिला. नवापूर हे मोठ्या कुक्कुटपालनाचे केंद्र. या विषाणूचे मूळ शास्त्रज्ञ १९९६ साली ग्वांगडाँगमधल्या पाळीव हंसांपर्यंत नेतात. म्हणजे तो पाळीव पक्ष्यांच्या दाटीत वाढला आणि मग रानपाखरांत पसरला. २००९ मध्ये जनावरांच्या संसर्गजन्य रोगांचा केंद्रीय कायदा झाला. त्याने बाजार, जत्रा, प्रदर्शने बंद करण्याचे, जनावरांची ने-आण रोखण्याचे, रोगी जनावर मारण्याचे अधिकार दिले. १८९९ चा ग्लँडर्सचा कायदा त्यातच विरला. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्याला आणि लातूरच्या अहमदपूर तालुक्यातील केंद्रेवाडीला कोंबड्या मेल्या, भोवतालच्या एक किलोमीटरमधील पाखरे मारली गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये लम्पी रोगासाठी राज्यभर गुरांचे बाजार बंद झाले. तो रोग माणसाला होत नाही, तरी दूध विकणाऱ्याला गिऱ्हाइकाची समजूत घालावी लागली. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने मेले. आणि जानेवारी २०२५ मध्ये उदगीर शहरात कावळे पडू लागले. पन्नासच्या आसपास कावळे. भोपाळच्या प्रयोगशाळेने बर्ड फ्लूचे निदान केले आणि शहराभोवती दहा किलोमीटरचे सतर्कता क्षेत्र आखले गेले. पिंडाला शिवावा म्हणून ज्याची वाट पाहतात तो हा पक्षी. मेलेला कावळा उचलण्याचे काम नगरपालिकेत कोणत्या वस्तीतल्या माणसांकडे असते, हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगावे लागू नये. ढोर गेले, कावळा आला. ओढणारा हात फारसा बदलला नाही.

तुलनेसाठी एक परदेशी उदाहरण घेतो. नोव्हेंबर २०२० मध्ये डेन्मार्कमध्ये मिंक या केसाळ प्राण्यांच्या पैदासकेंद्रांत कोविडचा विषाणू शिरला, बदलला, आणि पुन्हा माणसांत आला. सरकारने देशातले सगळे मिंक मारण्याचा हुकूम काढला. दीड कोटीच्या घरातले प्राणी. मग उघड झाले की, निरोगी मिंक मारण्याचा हुकूम देण्याचा अधिकार सरकारला कायद्याने नव्हताच. संबंधित मंत्र्याला राजीनामा द्यावा लागला, पुढे तशी तरतूद करून घेण्यात आली, आणि पैदास करणाऱ्यांना अब्जावधी क्रोनरची भरपाई ठरली. त्यांच्या एका धंद्याने जगाला धोका झाला तरी तो बंद करताना राज्याला कायदा, खुलासा आणि पैसा ही तीन दारे ओलांडावी लागली. नागरिक असणे म्हणतात ते हे. आपल्याकडे बर्ड फ्लूत मारलेल्या कोंबडीला सरकारी दर असतो, आणि तो योग्यच आहे. सोडून दिलेल्या फासाला दर नाही.

यावर आमच्यातलेच काही मित्र म्हणतात की, साथीचे सगळे कायदे वरच्यांचे हत्यार, तेव्हा विरोधच करा. ही भूमिका सोपी आहे, आणि महाडच्या विरुद्ध जाते. दुसऱ्या बाजूला असे लोक आहेत ज्यांना रोगाच्या नावाखाली मांसाचा बाजारच नको आहे. महाराष्ट्रातला १९७६ चा प्राणी रक्षण कायदा २०१५ मध्ये बैल-वळूंपर्यंत वाढला तेव्हा उदगीरच्या बाजारात म्हातारा बैल घेऊन उभ्या राहणाऱ्या शेतकऱ्याला, कुरेशी व्यापाऱ्याला आणि कातडे कमावणाऱ्या ढोर-चांभाराला एकाच वेळी झळ बसली. उद्या साथीचा कायदा त्या वाटेने जाणार नाही याची हमी कायद्याच्या मजकुरातच लागेल. मंत्र्याच्या भाषणात ती असून उपयोग नाही.

बाजार सुरक्षित करायचा तर काय लागते हे काही गूढ नाही. पाणी, उतार असलेला पक्का ओटा, कोंबडीची आणि बकऱ्याची जागा वेगळी, कापण्याची जागा विकण्याच्या जागेपासून दूर, घाण नेण्याची सोय, आणि आठवड्यातून एकदा तरी येणारा पशुवैद्य. आठवडी बाजारात बसणाऱ्या प्रत्येकाकडून ग्रामपंचायतीचा किंवा तिच्या ठेकेदाराचा माणूस पावती फाडून पैसे घेतो. त्या पावतीच्या बदल्यात नळ कोठे आहे? लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने प्यायचे पाणी आणावे लागले. त्या जिल्ह्यातल्या खाटकाला ओटा तीन वेळा धुण्याचा नियम लावायचा आणि न धुतल्याबद्दल दंड करायचा, तर कायदा करणाऱ्याने आधी टाकी बांधावी.

रानातल्या जिवाचा व्यापार थांबलाच पाहिजे. पण त्यासाठी गुन्ह्याचा भार साखळीच्या दुसऱ्या टोकावर, म्हणजे मागणी करणाऱ्या आणि पैसा लावणाऱ्यावर टाकावा लागेल. पालातल्या माणसाला जमीन, जातीचा दाखला आणि मुलांना वसतिगृह ही भरपाई म्हणून द्यावी लागेल, दान म्हणून नव्हे. आणि पाखरू आजारी आहे हे ज्याला पिसावरून कळते त्या पारध्याला, वैदूला पाळत ठेवण्याच्या कामात पगारावर घ्यावे लागेल. किनवट-माहूरच्या रानात कोणते पक्षी केव्हा मरतात हे प्रयोगशाळेच्या आधी त्यांना कळते.

वन्यजीव कायद्याची ताजी दुरुस्ती २०२२ ची. ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. सहा परिशिष्टांची चार झाली. प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारासाठी नवे प्रकरण आले. दंडाची मर्यादा पंचवीस हजारांवरून एक लाखावर गेली. एक लाख रुपये भरू शकणारा माणूस या धंद्यात आहे, पण तो पालात राहत नाही. पालात राहणारा दंड भरू शकत नाही, म्हणून तो तुरुंगात जातो.